हळवं, गरवं आणि सरासरी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना फळ्यावर लिहिलेले आकडे इथे मजकुरात घेतले आहेत.)



समितीने मला फोन केला तेव्हा विषयही ठरवूनच केला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी हो म्हटलं. पण त्या विषयावर आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटे पाचपासून व्याख्यानं चालू असतात आणि ती देणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. तेव्हा समितीची माफी मागते आणि आज भातावर बोलते.

हसताय ते दिसतंय मला. पण जुलै महिन्यातला आपला हजेरीपट आठवा. लावणी लागली की वर्ग निम्मा रिकामा. दोन दिवसांनी पोरं परत यायची ती चिखलाने कुजलेली बोटं घेऊन. "कुठे होतास?" "लावणीला." सर पुढे काही विचारायचे नाहीत, कारण त्यांच्याही घरची लावणी चालू असायची.

अजून एक गोष्ट आठवते का बघा. नववीत विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला घरचं ओंजळभर भात आणायला सांगितलं होतं. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून मुद्दाम सांगते. प्रत्येकाने कागदाच्या पुडीत भात आणलं आणि पुडीवर गाव, भाताची जात आणि खाचर कुठलं ते लिहिलं. दोन बाकं जोडून तुम्ही सगळ्या पुड्या मांडल्या. कुणाचं भात लांबोडकं, कुणाचं बुटकं, कुणाचं तांबूस. काहींनी 'आंबेमोहर' लिहिलं होतं, काहींनी 'इंद्रायणी'. माझ्या पुडीवर जातीच्या जागी नुसतं 'गरवं' लिहिलेलं होतं. तुम्ही त्याच्यापुढे लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलंत आणि म्हणालात, "हे जातीचं नाव नाही, घरी विचारून ये." मी घरी विचारलं. आजी म्हणाली, "गरवंच आहे ते, दुसरं काय सांगू?" त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मी आज, इतक्या वर्षांनी, घेऊन आले आहे.

आधी आपला मुलूख डोळ्यांपुढे आणू. भोरहून महाडच्या रस्त्याला लागलं की हिर्डोशी, पुढे शिरगाव, मग वरंध घाट. तिथे आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. वेल्ह्याहून केळदला, मढे घाटाच्या तोंडाशी गेलं तरी तेच. उलट भोरहून पूर्वेला नसरापूर, किकवी, म्हणजे पुणे-सातारा रस्त्याच्या बाजूला आलं की पावसाचं रूपच बदलतं. शिरगावला छत्री उलटी होत असते तेव्हा नसरापूरला लोक आभाळाकडे बघत असतात. एसटीने दीड-दोन तासांचं अंतर, पण पावसात कित्येक पटींचा फरक. हे झालं गावागावांतलं. एकाच गावातही डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई, त्याखाली पायऱ्या-पायऱ्यांची खाचरं, आणि अगदी तळाला ओढ्याकाठची खाचरं. वरच्या खाचरात माती उथळ. पाऊस थांबला की आठवड्याभरात भेगा पडतात. तळाच्या खाचरात वरचं सगळं पाणी झिरपून येतं. दसरा झाला तरी तिथे पाय रुततो.

म्हणून आपल्या माणसांनी भाताची पहिली वाटणी केली ती वासावरून किंवा दाण्यावरून नाही, तर वेळेवरून. हळवं म्हणजे साधारण चार महिन्यांच्या आत तयार होणारं. गरवं म्हणजे साडेचार महिन्यांच्या पुढे जाणारं. मधलं ते निमगरवं. हळवं वरच्या खाचरात, म्हणजे जमीन वाळायच्या आत दाणा भरतो. गरवं तळाला, म्हणजे पाऊस पूर्ण उघडल्यावर ते पिकतं. गरव्याच्या अनेक जुन्या जाती तर दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलोऱ्यावरच येत नाहीत. पेरणी चार दिवस मागेपुढे झाली तरी कापणी आपल्या वेळेलाच.

आता इंद्रायणी. ही आपल्या घराघरांतली जात, पण तिचा जन्म किती जणांना माहीत आहे? वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ती तयार झाली आणि १९८७ साली प्रसारित झाली. आयआर ८ ही फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची १९६६ सालची बुटकी, खताला साथ देणारी जात. म्हणजे एका बाजूने आपला वास आणि मऊपणा, दुसऱ्या बाजूने उत्पन्न आणि उभं राहण्याची ताकद. आंबेमोहराचं ताट उंच. जोराच्या पावसात ते आडवं पडतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

अशी नवी जात आली की ती कुठे चालेल, कुठे नाही, हे कसं ठरवतात? त्यासाठी एकच जात अनेक ठिकाणी आणि अनेक वर्षं लावून बघावी लागते. भाताच्या अशा देशभरच्या चाचण्यांसाठी १९६५ साली हैदराबादला अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रत्येक ठिकाणी त्याच जाती लावायच्या. प्रत्येक जात एका वाफ्यात न लावता तीन-चार वाफ्यांत लावायची, आणि कुठला वाफा कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. कारण पाण्याच्या तोंडाजवळचा वाफा आपल्या आवडत्या जातीला द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो! मग कापायचं, वाळवायचं, तोलायचं, लिहायचं. या शास्त्रात आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं १९५४ सालचं पुस्तक देशभरच्या कृषी महाविद्यालयांत वर्षानुवर्षं वापरलं गेलं. गावात पीक कापणी प्रयोग होतो, कुठल्या शेतात करायचा ते नशिबावर सोडतात, त्यामागचा विचार रुजवण्यात सुखात्म्यांचा हात आहे.

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. मला ते कळलं माझ्या एका चुकीनंतर. ती चूक सांगायलाच मी उभी आहे.

आमची शेती वेल्ह्याच्या बाजूला, चुलत भाऊ करतो. मी त्याला दादा म्हणते. दादाला लिहायची सवय. शाळेच्या शंभर पानी वहीत अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. कुठलं खाचर, कुठली जात, लावणी कधी, कापणी कधी, भात किती निघालं. एका दिवाळीत मी ती वही पाहिली आणि माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. रात्री जागून सगळे आकडे एक्सेलमध्ये भरले. भरताना एका वर्षाशी अडखळले. त्या वर्षी ऑक्टोबरभर पाऊस होता. सगळ्या खाचरांचे आकडे पडलेले, पण तळाच्या खाचरातल्या गरव्याचा आकडा चक्क चांगला, आणि त्याच्याच खालच्या ओळीत, एरवी भरपूर देणाऱ्या लवकरच्या जातीचा आकडा अगदीच वाईट. मला वाटलं, दादाने दोन ओळी उलट्यासुलट्या लिहिल्या. कामावर मी दिवसभर अशाच चुका शोधत असते. मी त्या दोन आकड्यांची अदलाबदल केली. दादा शेजारच्या खोलीत झोपलेला होता. उठवून विचारलं नाही.

मग सरासरी काढली. लवकरची जात पहिली आली. गरवं शेवटी. सकाळी मी दादाला लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवला आणि म्हटलं, "दादा, सगळ्या खाचरांत हीच लाव. गरव्यात काही राम नाही." तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "तळाच्या खाचरात पण?" मी म्हटलं, "सरासरी सगळ्यात जास्त आहे." शिकलेल्या बहिणीचा शब्द म्हणून त्याने ऐकलं.

पुढच्या वर्षी वरच्या खाचरांत पीक झकास आलं. मला फोटो आले. आणि मग ऑक्टोबरात पाऊस थांबेना. तळाच्या दोन खाचरांत भात पिकून उभं, खाली घोटाभर पाणी. कापायला घेता येईना. चौथ्या दिवशी ते आडवं पडलं. आठवड्याने लोंबीतल्या दाण्यांना कोंब आले. ती दोन खाचरं म्हणजे घराचं वर्षाचं खाणं होतं. वरचं भात विकायचं, तळाचं खायचं, अशी आमच्या घरची रीत. त्या वर्षी काकूने दुकानातून तांदळाची पिशवी आणली आणि फोनवर एवढंच म्हणाली, "भाताच्या घरात पिशवी आली गं." दादा काही बोलला नाही. मी दिवाळीला गेले तेव्हा त्याने वही आणली, माझ्या एक्सेलच्या कागदाशेजारी ठेवली आणि त्या वर्षावर बोट ठेवलं. "हे मी बरोबर लिहिलं होतं. तू का बदललंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याहून वाईट पुढे कळलं. गरव्याचं बियाणं घरचं होतं, दरवर्षी काढून ठेवलेलं. एक वर्ष पेरलं नाही म्हणून कुणी राखलं नाही. दळपात गेलं. ते पुन्हा मिळालं कुठून, सांगू? आपल्या वर्गातल्या एकीच्या माहेरून. ती आज इथे बसली आहे. नाव घेतलं तर उठून जाईल म्हणून घेत नाही. तिच्या आईच्या कणगीत तेच गरवं निघालं. दोन पायल्या बियाणं मिळालं. नववीत बाईंच्या बाकावर तिची पुडी माझ्या पुडीशेजारी होती आणि दोन्ही दाणे सारखे दिसतात असं आम्ही तेव्हा म्हटलं होतं, म्हणून मला तिला विचारायचं सुचलं.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला बसले. गंमत अशी की या शास्त्राच्या मुळाशी जव आहे. आपल्याकडे सत्यनारायणापुरते आणि सातूच्या पिठापुरते येतात ते जव. १९३१ आणि १९३२ या दोन वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सहा ठिकाणी जवाच्या दहा जाती लावून बघितल्या. एकूण १२० आकडे. १९३८ साली येट्स आणि कॉक्रन या दोघांनी त्यांच्यावर एक युक्ती केली, आणि १९६३ साली ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन यांनी जवाच्या २७७ जातींवर तीच युक्ती चालवून ती जगभर पोचवली. युक्ती आपल्याला फळ्यावर करता येईल.

समजा 'क' आणि 'ख' अशा दोन जाती आहेत आणि चार खाचरं आहेत. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, गुंठ्याला किलोमध्ये. 'क' जात देते ४०, ३०, २० आणि ६. 'ख' जात देते २८, २५, २२ आणि १७. सरासरी काढा. 'क'ची २४, 'ख'ची २३. सरासरीने 'क' जिंकली. पण शेवटच्या खाचराकडे बघा. ६ किलो आणि १७ किलो. ज्याचं तेवढं एकच खाचर आहे त्याने २४ कुठून आणायचे?

आता युक्ती. खाचर चांगलं की वाईट हे मोजायला पाऊस, माती, खत सगळं मोजत बसायचं नाही. त्या खाचरात सगळ्या जातींनी मिळून सरासरी किती दिलं, तेच त्या खाचराचं माप धरायचं. आपल्या चार खाचरांचं माप येतं ३४, साडेसत्तावीस, २१ आणि साडेअकरा. मग विचारायचं, खाचर एक किलोने सुधारलं तर ही जात किती किलोने सुधारते? गणित केलं तर 'क'चं उत्तर येतं सुमारे दीड, 'ख'चं सुमारे अर्धं. 'क' चांगल्या जागी उसळते आणि वाईट जागी तितकीच कोसळते. 'ख' दोन्हीकडे आपली पायरी सोडत नाही. याला म्हणायचं उत्पन्नाची स्थिरता. १९६६ साली एबरहार्ट आणि रसेल यांनी त्यात आणखी एक माप घातलं. जात या हिशेबाप्रमाणे वागते की मधूनच भलतंच काही करते? ज्या जातीचा भरवसाच देता येत नाही, ती सरासरीने कितीही गोड असली तरी जपून.

नुसती स्थिरता म्हणजे सगळं नव्हे, हेही सांगते. सगळीकडे सारखंच कमी देणारी जातही स्थिरच असते! आणि कुणाला काय हवं ते वेगळं असतं. ज्याला विकायचंय, ज्याच्याकडे दहा खाचरं आणि नोकरीचा आधार आहे, त्याने 'क' लावायला हरकत नाही. ज्याला त्यातूनच वर्षभर खायचंय, त्याला 'ख' बरी. हा निर्णय संगणकाचा नाही, घराचा आहे.

पण मला खरा धडा मिळाला तो याच्या पुढे. या युक्तीत एक भोक आहे. साडेअकराचं माप असलेलं खाचर वाईट, एवढं ती सांगते. का वाईट, ते सांगत नाही. वरचं खाचर वाळलं म्हणून वाईट असू शकतं आणि तळाचं बुडालं म्हणून. दोघांचं माप एकच येईल. पण वाळणाऱ्या खाचराला हळवं हवं आणि बुडणाऱ्याला गरवं. आकड्यात ही दोन दुःखं एकसारखी दिसतात. आजीच्या शब्दांत ती वेगळी राहतात.

बाई, म्हणून 'गरवं' हे जातीचं नाव नव्हतं, हे तुमचं बरोबर होतं. पण त्या एका शब्दात ती जात किती दिवस घेते, कुठल्या खाचरात जाते, पाऊस कधी उघडावा लागतो, एवढं सगळं लिहिलेलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं. इंजिनिअर होऊनही बरीच वर्षं आलं नाही.

आणि मिनेसोटाचं काय झालं ते सांगते, कारण मला त्याने थोडा धीर आला. ते १२० आकडे पुढे इतके प्रसिद्ध झाले की संख्याशास्त्रासाठी वापरतात त्या 'आर' या संगणकभाषेबरोबर आजही मिळतात. सहापैकी पाच ठिकाणी १९३१ चं पीक १९३२ पेक्षा चांगलं होतं. मॉरिस या एकाच ठिकाणी उलटं. जवळजवळ साठ वर्षं कुणाच्या हे डोळ्यांत भरलं नाही. १९९३ साली क्लीव्हलंड या मोठ्या संख्याशास्त्रज्ञांनी नीट आलेख काढला आणि म्हटलं, मॉरिसच्या दोन वर्षांची अदलाबदल झालेली दिसते. बहुतेकांनी ते मान्यही केलं. २०१३ साली केव्हिन राइट यांनी जुने अहवाल, आसपासच्या वर्षांचे आकडे आणि हवामानाच्या नोंदी काढून बघितल्या. त्यांना दिसलं की असे उलटे आकडे निसर्गातही येतात, तेव्हा मॉरिसच्या नोंदीला चूक म्हणायला पुरेसा आधार नाही. म्हणजे मी जे केलं ते करायचा मोह माझ्याहून कितीतरी मोठ्या माणसांना झाला होता. फरक एवढाच की त्यांनी शंका लिहून ठेवली, आकडा जागेवर राहू दिला. मी आकडाच बदलला. आणि मॉरिसच्या शेतकऱ्यांना आता विचारता येत नाही. माझा दादा शेजारच्या खोलीत होता.

आता मागणं. आपल्या वर्गातल्या किती जणांच्या घरी अजून भात लागतं? हात वर करा बरं. (सतरा हात वर झाले.) शिरगावकडचे तिघे, वेल्ह्याकडचे पाच, भाटघरच्या वर वेळवंड खोऱ्यातले चौघे, नसरापूर-किकवीचे दोघे, बाकी भोरच्या आसपासचे. मित्रांनो, एखाद्या संशोधन केंद्राला इतक्या वेगवेगळ्या पावसाची सतरा ठिकाणं जमवायला किती खटपट करावी लागेल! आपल्याकडे ती एका हजेरीपटावर आहेत.

माझं म्हणणं असं. तीन भातं घेऊ. एक हळवं, एक इंद्रायणी आणि एक ते आमचं गरवं. बियाणं सगळ्यांना एकाच पोत्यातलं. प्रत्येकाने आपल्या एका खाचरात तिन्ही लावायची, प्रत्येकाचे तीन छोटे वाफे, जागा चिठ्ठ्या टाकून. ज्याच्याकडे वरचं आणि तळाचं अशी दोन्ही खाचरं आहेत त्याने दोन्हीकडे लावावी. खत, पाणी जे नेहमी करता तेच. मुद्दाम लाड करू नका. कापलं की वाळवून तोलायचं. वहीत लिहायचं ते असं: लावणीची तारीख, पाऊस कधी उघडला, खाचरातलं पाणी कधी हटलं, कापणीची तारीख, वजन. आणि शेवटचा रकाना सगळ्यात मोठा ठेवला आहे. त्याचं नाव 'काय झालं'. करपा आला, आडवं पडलं, रानडुक्कर शिरलं, कोंब आले, जे झालं ते आपल्या शब्दांत.

एका वर्षात काही कळणार नाही. एखादा पाऊस कुणालाही हुशार ठरवतो आणि कुणालाही मूर्ख. निदान चार वर्षं करू. हिशेब मी करीन आणि दर संक्रांतीला मराठीत, कागदावर, प्रत्येकाच्या घरी पोचवीन. पण दोन अटी मी स्वतःवर घालून घेतल्या आहेत. एक, कुठला आकडा विचित्र दिसला तर मी तो खोडणार नाही, फोन करीन. दोन, कुणी काय लावावं हे मी सांगणार नाही. आकडे आणि 'काय झालं' हे दोन्ही समोर ठेवीन, ठरवायचं त्याने ज्याचे पाय त्या चिखलात आहेत. निकाल चांगले आले तर ते वडगाव मावळच्या केंद्रातल्या लोकांना दाखवू. आपण त्यांच्या जागी बसायला निघालेलो नाही, पण त्यांना आपली खाचरं माहीत झाली तर बरंच आहे.

जे पुण्या-मुंबईत आहेत, ज्यांची शेती उरली नाही, त्यांनाही काम आहे. तोलकाटे आणि बियाण्याचा खर्च आपण उचलू. आणि वर्गातल्या कुणाकडून तांदूळ घेताना फक्त "इंद्रायणीच हवा" म्हणून हटून बसू नका. एखाद्या वर्षी गरवं घ्या. विकलं गेलं नाही तर ते कणगीत राहत नाही, आणि एकदा कणगीतून गेलं की काय होतं ते मी सांगितलं.

घाई का, असंही कुणी विचारेल. गेल्या दिवाळीला येताना रस्त्याकडेला बघितलं असेल. खाचरांचे बांध मोडून प्लॉट पाडलेत, कुंपणं घातलीत. ज्याला विकावं लागलं त्याला मी नावं ठेवत नाही. त्याची अडचण त्याला माहीत. पण खाचर गेलं की त्याच्याबरोबर कुठलं भात तिथे का लावायचे, हेही जातं. दादाच्या वहीसारख्या वह्या फार घरांत नाहीत. आपल्या आईवडिलांच्या डोक्यात मात्र आहेत, आणि त्या विचारून उतरवायला आपल्याकडे फार वर्षं नाहीत.

आमच्या तळाच्या खाचरात आता पुन्हा गरवं आहे. वरच्या खाचरांत लवकरची जातही आहे, कारण तिथे ती खरोखर चांगली येते. तेवढं माझं बरोबर होतं, असं दादा आता म्हणतो. काकू मात्र अजून मला लॅपटॉप उघडताना पाहिलं की विचारते, "कुणाचं काय बदलतेस आता?"

वह्या छापून आणल्या आहेत, नावनोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांनी हात वर केले त्यांनी जाताना एकेक घ्यावी आणि पहिल्या पानावर गाव आणि खाचर लिहून मला दाखवावी. बियाणं मे महिन्यात पोचेल. बाई, पहिली वही तुमच्यासाठी ठेवली आहे. तीत आमच्या गरव्याची ओंजळभर पुडी आहे. जातीच्या जागी या वेळी सगळं लिहिलं आहे, तपासून द्यावी.